बाहेरून लावलेली कडी

वृंदा खांबेटे हे नाव दिल्लीतल्या मराठी घरांत एके काळी अडचणीच्या वेळी निघायचं. कुणाचे सासरे एम्समध्ये दाखवायला आलेत, कुणाच्या मुलीला हॉस्टेल मिळत नाही, कुणी बदली होऊन आलंय आणि क्वार्टर अजून हातात पडलेलं नाही, की कुणीतरी म्हणायचंच, "अरे, वृंदाला विचार ना." हा गुण तिला वडिलांकडून मिळाला होता. कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या जुन्या अतिथिगृहात ते व्यवस्थापक होते. दमून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि मग नाव विचारायचं, ही त्यांची रीत. तिथल्याच मागच्या क्वार्टरमध्ये वृंदा लहानाची मोठी झाली. हिंदी तिला मराठीइतकीच सहज यायची, भांडताना तर मराठीपेक्षा जास्त.

समाजकार्याचं शिक्षण घेऊन ती मानेसरच्या एका कारखान्यात कल्याण अधिकारी म्हणून लागली. गाड्यांच्या आत वायरींचे जे जाड जुडगे असतात ते तिथे बांधले जात, आणि बांधणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. पाळणाघर, कँटीन, रजा, सुपरवायझरची अरेरावी, सगळं शेवटी वृंदाच्या टेबलावर यायचं. नवरा श्रीरंग केंद्र सरकारच्या नोकरीत, राहायला लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर, एकच मुलगी निधी. पहाटे कंपनीची बस पकडायची, दिवेलागणीला परत यायचं. असं सरळ चाललेलं आयुष्य.

आणि या बाईला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गुरुग्रामच्या कोर्टानं जबरी चोरीबद्दल दोषी ठरवलं.

झालं ते असं.

२०२२च्या जानेवारीतली गोष्ट. दुपारी सकाळची पाळी सुटत होती. बायका कपडे बदलायच्या खोलीत होत्या आणि वृंदा व्हरांड्यातून ऑफिसकडे चालली होती. तेवढ्यात आतून किंकाळी आली. सुमित्रा नावाची उत्तर प्रदेशातल्या महोब्याकडची एक कामगार ओढणी छातीशी धरून बाहेर धावत आली आणि भिंतीच्या वर बोट दाखवायला लागली. तिथे हवेसाठी पंख्याचं भोक होतं. त्या भोकात मोबाईल दिसला, असं ती सांगत होती.

वृंदा भिंतीला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. देखभाल विभागाचा प्रमुख नरेश शिडीवरून उतरत होता. हातात पाना नव्हता, स्क्रू नव्हता. मोबाईल होता आणि अंगठा पडद्यावर भराभर चालला होता. तो पुसून टाकतोय, हे वृंदाला कळलं. तिनं त्याचं मनगट पिरगाळून मोबाईल काढून घेतला आणि सगळ्या बायकांसमोर ओरडली, "ये फोन पुलिस को दूँगी मैं!"

बायका भोवती गोळा झाल्या होत्या. कुणी चप्पल काढली. लोडिंगवरचे पुरुषही धावत आले आणि एकाच्या हातात लोखंडी सळई होती. वृंदानं नरेशचा दंड धरला, त्याला शेजारच्या प्रथमोपचाराच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. नंतर किती तरी वेळा तिला विचारलं गेलं, कडी का लावली? तो पळू नये म्हणून, की त्याला मार पडू नये म्हणून? तिला खरंच सांगता यायचं नाही. हात कडीकडे गेला तेव्हा मनात दोन्ही होतं.

मग तिनं कारखान्याच्या प्रमुखाला फोन लावला. हे विश्वास राजहंस, मूळचे पुण्याचे. परमुलखात आपला माणूस, म्हणून वृंदाचा त्यांच्यावर भरवसा. दिवाळीला एकमेकांकडे फराळाचे डबे जात.

"वृंदाताई, शांत व्हा," ते म्हणाले. "आधी पोलिसांना फोन करू नका. मी मीटिंगमध्ये आहे, तासाभरात पोचतो. बायकांचीच बदनामी होईल हो. आपण आतल्या आत निपटवू, पण कडक. माझा शब्द."

"साहेब, लवकर या. लोक भडकलेत."

"आलोच."

तासाभरात येतो म्हणालेले साहेब तीन तासांनी आले. तोवर वृंदा त्या दारासमोर खुर्ची टाकून बसून होती. आतून नरेश आधी शिव्या देत होता, मग विनवण्या करत होता, मग गप्प झाला. तिनं खिडकीच्या गजांतून त्याला पाण्याची बाटली दिली. पोलिसांचा नंबर लावायला ती दोनदा उठली आणि दोनदा बसली. इतक्या वर्षांची नोकरी. वरिष्ठानं थांब म्हटलं की थांबायचं, ही सवय अंगात भिनलेली.

विश्वास आले. तिनं मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कोटाच्या खिशात टाकला, कडी काढायला लावली आणि नरेशला घरी पाठवलं. "उद्या सकाळी चौकशी समिती बसवतो," असं तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी समिती बसली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. नरेशचा भाऊ कारखान्याला कंत्राटी कामगार पुरवायचा. त्याचे कामगार बंद झाले असते तर कारखाना बंद पडला असता, हे वृंदाला कळत होतं. तिसऱ्या दिवशी तिनं साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "तुम्ही करत नसाल तर मी पोलिसांकडे जाते. तो फोन द्या."

"कोणता फोन, ताई?" विश्वास म्हणाले.

हे त्यांनी इतक्या सहज विचारलं की क्षणभर वृंदाला वाटलं, आपलंच काही चुकतंय.

ती पोलीस ठाण्यात गेली तेव्हा तिथे नरेशची तक्रार आधीच नोंदलेली होती. मॅडमनी मला अडवलं, माझा महागडा मोबाईल हिसकावला आणि मला खोलीत डांबून ठेवलं. तक्रार करायला आलेली बाई आरोपी म्हणून आत बसली.

जामीन मिळेपर्यंत आठवडाभर तिला भोंडसीच्या जेलमध्ये राहावं लागलं. तिथल्या बायका नव्या बाईला विचारतात, किस में आई? वृंदा म्हणाली, लूट में. एका म्हातारीनं तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हसून विचारलं, "हथियार क्या था?" वृंदालाही हसू आलं आणि त्या हसण्याचंच मग रडू झालं. त्या आठवड्यानंतर तिला बंद दार सोसेना. घरी न्हाणीघराचं दारसुद्धा ती फटभर उघडं ठेवायची. निधी आधी चिडली, मग बोलेनाशी झाली.

खालच्या कोर्टात खटला दोन वर्षं चालला. विश्वास साक्षीला आले, स्वच्छ इस्त्रीच्या शर्टात. मॅडमनी फोन करून माणसाला कोंडल्याचं सांगितलं, हे त्यांनी मान्य केलं. मोबाईल मात्र आपण पाहिलाच नाही म्हणाले. साक्षीदार बायकांपैकी बऱ्याच जणींची कंत्राटं संपली होती आणि त्या आपापल्या गावी निघून गेल्या होत्या. राहिली सुमित्रा. तिला पिंजऱ्यात उभं केलं तेव्हा तिनं वृंदाकडे पाहिलं नाही. "हमने कुछ नहीं देखा," इतकंच तिनं दोनदा सांगितलं.

निकाल लागला. मोबाईल हिसकावण्यासाठी माणसाला अडवलं म्हणून ती जबरी चोरी, तिच्याबद्दल दोन वर्षं. कोंडून ठेवल्याबद्दल सहा महिने, दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या. अपील करायला मुदत म्हणून शिक्षा तेवढी थांबवली गेली आणि वृंदा त्या संध्याकाळी घरी आली. श्रीरंगनं खिचडी टाकली होती. तिघंही जेवली.

त्यानंतरचं वर्ष असं गेलं की त्यात वर्षासारखं काही नव्हतं. नोकरी गेलीच होती. दुसरीकडे अर्ज करावा तर एक रकाना ठरलेला: कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरला आहात का? तिथं 'होय' लिहिलं की पुढचं कुणी वाचत नसे. श्रीरंगला बढतीवर मुंबईची बदली आली. त्यानं ती नाकारली, कारण अपिलाच्या तारखा गुरुग्रामला. पुढच्या वर्षी पुन्हा आली आणि पुन्हा नाकारली. तो कधी बोलून दाखवायचा नाही. पण मुंबईत असलेल्या त्याच्या आईचा फोन आला की तो बाल्कनीत जाऊन बोलायचा, आणि आत वृंदा हातातलं काम थांबवून बसायची.

मराठी मंडळाच्या गणपतीत कोठीघर दरवर्षी वृंदाकडे असायचं. त्या वर्षी ती नेहमीप्रमाणे गेली तेव्हा अध्यक्षीणबाईंनी तिला मोठ्या प्रेमानं खुर्चीवर बसवलं. "तू या वर्षी फक्त आराम कर हं, किती टेन्शन तुला. कोठीचं या मुली बघतील, बिल्कुल काळजी करू नकोस." कुणी वाकडं बोललं असतं तर वृंदा भांडली असती. इथं भांडायला जागाच ठेवली नव्हती. आरतीला उभी राहून ती मागच्या दारानं निघून आली. पुढच्या वर्षी गेलीच नाही.

अपील गुरुग्रामच्या सत्र न्यायालयात होतं. वकील सिंगला म्हणून होते, साठीचे, दम्याचे, आवाज बसका पण बोलणं लखलखीत. पहिल्याच भेटीत त्यांनी तिला कायदा समजावला. बोलत हिंदीतच. "मॅडम, ऐकायला वाईट वाटेल. कोणीही नागरिक गुन्हेगाराला पकडून पोलिसांच्या हवाली करू शकतो. पण तो गुन्हा अजामीनपात्र पाहिजे. बाईचं असं चोरून चित्रण करणं, पहिल्यांदा असेल तर जामीनपात्र आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला त्याला पकडायचा हक्क नव्हता."

"मग हक्क कधी आला असता?"

"त्याला एकदा शिक्षा होऊन त्यानं ते पुन्हा केलं असतं तर."

सिंगलांनी नजर खाली वळवली आणि पंपातून दम्याचं औषध ओढलं. "चोरीचं कलम मी पाडीन," ते म्हणाले. "चोरीला वाईट हेतू लागतो. कोंडण्याचं कलम अवघड आहे. तीन तास, आणि पोलिसांना एकही फोन नाही. तुमची ती एक साक्षीदार आली असती तर गोष्ट वेगळी होती. अजूनही आली, तर मी कोर्टाला अर्ज करीन की तिला पुन्हा ऐका."

एका रविवारी वृंदा मेट्रोनं गुरुग्रामला आणि तिथून शेअर ऑटोनं मानेसरला गेली. पूर्वी कंपनीच्या बसच्या खिडकीतून दिसणारा रस्ता, आता इतर सहा जणांत दाटीवाटीनं बसून. गावाच्या कडेला कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांच्या रांगा होत्या. मधोमध अंगण, भोवती दुमजली खोल्या, एकच लोखंडी फाटक, आणि फाटकाला लागून घरमालकाचं किराणा दुकान. भाडेकरूंनी वाणसामान तिथूनच घ्यायचं, हा न लिहिलेला नियम.

सुमित्रानं दार उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. तिनं वृंदाला हाताला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं. वृंदा कडीला हात पोचेल अशी दाराजवळच बसली. खोलीत एक खाट, एक गॅस, दप्तर भिंतीला टेकवून अभ्यास करत बसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी.

"किसी ने देखा तो नहीं, दीदी?"

"दुकानात कुणी नव्हतं."

चहा झाला. सुमित्रा अजून त्याच कारखान्यात होती. वृंदानं कारखान्यातल्या कपडे बदलायच्या खोलीबद्दल विचारलं तेव्हा ती कडवट हसली. पंखाच काढून टाकला होता म्हणाली, भोक विटांनी बुजवलं. आता ना मोबाईल आत येत, ना वारा. "गर्मी में दम घुटता है, दीदी. दो-दो लड़कियाँ चक्कर खाके गिरीं."

मग ती आपणहूनच साक्षीच्या विषयाकडे आली. घरमालक नरेशचा चुलता होता. साक्षीच्या आदल्या दिवशी तो खोलीवर आला, या खाटेवर बसला, पाणी प्यायला. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. "बस इतना पूछा, बिटिया का स्कूल कितने बजे छूटता है." एवढं सांगून सुमित्रा मुलीच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

वृंदा ऐकत होती. तिला सगळं कळत होतं, आणि तरीही ती जे बोलायला आली होती ते बोललीच. आपलं काय काय गेलं ते तिनं सांगितलं. नोकरी, नाव, नवऱ्याची बढती. जेलमधली पहिली रात्रसुद्धा सांगितली, जी तिनं घरी कधी सांगितली नव्हती. "त्या दिवशी तू ओरडलीस म्हणून मी धावले, सुमित्रा," ती म्हणाली. "एकदा फक्त खरं सांग."

सुमित्रानं मुलीचं दप्तर बंद केलं. मग म्हणाली, "आप बोलोगी तो आ जाऊँगी."

परतीच्या वाटेवर वृंदाला हलकं वाटत होतं. ऑटोतून उतरून तिनं मेट्रोच्या जिन्यावरच सिंगलांना फोन लावला.

सिंगला खूश झाले, पण वकील ते वकीलच. "एक सांगून ठेवतो. ती एकदा शपथेवर एक बोलली, आता शपथेवर उलटं बोलणार. कोर्टानं मनात आणलं तर खोटी साक्ष दिली म्हणून तिच्यावर कारवाई होऊ शकते. होईलच असं नाही. पण होऊ शकते."

"आणि तिच्या साक्षीनं मी सुटेन?"

"त्याचीही गॅरंटी नाही. केस मजबूत होईल, बस."

त्या संध्याकाळी तिनं हे घरी सांगितलं. निधी नुकतीच कॉलेजला जायला लागली होती. ती ताडकन उठली.

"आई, यात सोचनेवाली बात काय आहे? तिनं कोर्टात झूठ बोललं म्हणून तू फसलीस ना? मग तिला येऊ दे. तिनं तुला वाचवलं होतं का?"

"तिला मुलगी आहे, निधी."

"आणि तुला नाहीये?" निधीचा आवाज फाटला. "माझ्या फ्रेंड्सना मी काय सांगते माहितीये? आई घरूनच काम करते असं सांगते. तीन वर्षं हेच सांगतेय यार."

श्रीरंगनं तिला खांद्याला धरून बसवलं. वृंदाकडे बघून म्हणाला, "तू ठरवशील ते. पण या वेळी आमचाही विचार कर, एवढंच म्हणतो." लग्नाला चोवीस वर्षं होत आली होती; इतकं थेट तो पहिल्यांदाच बोलला.

दोन दिवस वृंदा घरातल्या घरात फिरत राहिली. भाजी निवडायला घ्यायची आणि तशीच सोडायची. निधी म्हणते ते खरं होतं. सुमित्राची भीती खरी होती. मधल्या मधे आपण चेपले जातोय, आणि ज्यानं शिडी लावली तो आणि ज्यानं मोबाईल खिशात टाकला तो, दोघं मोकळे, या विचारानं तिचं डोकं भणाणायचं. पण दर वेळी ती त्या खाटेपाशी येऊन थांबायची. घरमालक तिथे बसून शाळेची वेळ विचारून गेला होता. आपण तिथेच बसून जेलमधली रात्र सांगून आलो. त्यानं भीतीखाली दाबलं, आपण उपकाराखाली, एवढाच फरक. तिला 'नाही' म्हणायला आपण वाट ठेवली होती कुठे?

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं सिंगलांना सांगितलं, अर्ज करू नका.

"मॅडम, फिर से सोच लीजिए."

"झालं विचार करून."

हे करून तिला बरं वाटलं, असं मुळीच नाही. उलट पुढचे कित्येक दिवस ती सुमित्रावर, स्वतःवर, समोर येईल त्याच्यावर चिडत होती. निधी तिच्याशी महिनाभर कामापुरतंच बोलली.

तारखा पडत राहिल्या. कधी वकिलांचा संप, कधी सरकारी वकील गैरहजर. एकदा सुनावणी अर्धी झाली आणि न्यायाधीशांचीच बदली झाली. नव्यांपुढे पुन्हा पहिल्यापासून. वृंदा दर तारखेला यायची, कोर्टाच्या गर्दीच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून नावाचा पुकारा व्हायची वाट बघायची. नरेशही येई. आता तो देखभालीचा वरिष्ठ प्रमुख झाला होता. तिला बघून तो नमस्ते करायचा, आणि ते नमस्ते तिला शिवीपेक्षा जास्त झोंबायचं.

शेवटी २०२५च्या पावसाळ्यानंतर सुनावणी पुरी झाली. सिंगला उभे राहिले. त्यांनी नरेशचीच उलटतपासणीतली कबुली वाचून दाखवली. मॅडम सगळ्यांसमोर ओरडल्या होत्या, हा फोन पोलिसांना देईन, असं तो स्वतः म्हणाला होता. "हुजूर, चोर चाळीस बायकांसमोर सांगत नाही की माल पोलिसांकडे नेतोय."

सरकारी वकील म्हणाल्या, "पण दिला का पोलिसांना? तीन दिवस गेल्याच नाहीत."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. थकलेला, सभ्य माणूस. त्यांनी थेट वृंदाला पुढे बोलावलं. सिंगलांनी तिला आधीच पढवून ठेवलं होतं: साहेबांनी विचारलं तर पश्चात्ताप आहे म्हणा, हात जोडा. पहिलाच गुन्हा आहे, बाई आहात, समज देऊन सोडतील.

"आपको अपने किए पर पछतावा है?" न्यायाधीशांनी विचारलं.

वृंदानं हात जोडले. ठरलेलं वाक्य ओठांवर होतं. पण तोंडून निघालं ते दुसरंच.

"आहे, साहेब. रोज होतो," ती हिंदीत सावकाश म्हणाली. "दार लावल्याचा नाही. दार लावलं नसतं तर तो माणूस त्या दिवशी मेला असता, नाही तर पळाला असता. पोलिसांना फोन केला नाही, याचा होतो. मी माझ्या साहेबांचं ऐकलं. तो फोन त्यांच्या हातात दिला. त्याचा पश्चात्ताप मी मरेपर्यंत करीन."

कोर्टात कुजबुज झाली. सिंगलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीश लिहीत राहिले.

निकाल पंधरवड्यानं आला. जबरी चोरीची शिक्षा रद्द. मोबाईल घेण्यात स्वतःच्या फायद्याचा हेतू दिसत नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. मात्र माणसाला बेकायदा कोंडून ठेवल्याचा दोष कायम. कायदा हातात घेऊन तीन तास कुणाला डांबता येत नाही, हेतू कितीही चांगला असो. वय, नोकरीतला चांगला इतिहास आणि पहिलाच गुन्हा पाहता, तुरुंगाऐवजी समज देऊन सोडण्यात येत आहे.

सिंगलांनी तिचं अभिनंदन केलं. श्रीरंगचे डोळे भरून आले. पायऱ्या उतरताना निधीनं तिला घट्ट मिठी मारली, म्हणाली, "झालं, आई. संपलं."

वृंदानं तिच्या केसांवरून हात फिरवला. "त्या रकान्यात आता काय लिहायचं गं?" तिनं विचारलं.

उत्तर सिंगलांनी दिलं. कायद्यानं याची आडकाठी नोकरीला येऊ नये, असं ते म्हणाले. पण प्रश्न दोषी ठरलात का असा असेल, तर खरं उत्तर 'होय'च.

बातमी पसरली. त्याच आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "वृंदाताई, विश्वास बोलतोय. मी हल्ली चेन्नईला असतो. कळलं मला. फार आनंद झाला हो, शेवटी न्याय झाला."

वृंदा स्वयंपाकघरात उभी होती. तिनं गॅस बंद केला. "साहेब, त्या फोनचं काय केलंत?"

विश्वास चेन्नईच्या उकाड्याचं सांगायला लागले.

"त्यात त्या मुलींचं काय काय होतं, माहीत नाही. तो कुठे आहे, एवढं सांगा. त्या विचारतात मला," ती म्हणाली. असं कुणी विचारत नव्हतं. पण विचारायला हवं होतं, असं तिला वाटलं.

"ताई, जुनं झालं ते आता. तुम्हीही पुढे बघा ना," विश्वास म्हणाले आणि फोन ठेवला.

श्रीरंगला तिसऱ्यांदा मुंबईची बदली आली. या वेळी नाकारायचं कारण नव्हतं. सगळं मागे टाकून जायचं, सासूबाईंच्या हाताखाली, नव्या शेजारात. तिथं कुणाला काही माहीत नाही. खोक्यांत भांडी भरताना तिला तेच सुख वाटायला हवं होतं. पण भरता भरता तिचे हात थांबायचे. दोष कायम, हे दोन शब्द कोणत्याही खोक्यात बसत नव्हते.

एका दुपारी ती श्रीरंगला म्हणाली, "चंदीगढला हायकोर्टात जाता येतं. सिंगला म्हणतात, मुदत आहे अजून."

श्रीरंग खोक्याला चिकटपट्टी लावत होता. "आणि तिथं काय निघेल?"

"बहुतेक काही नाही निघणार. सिंगलाच म्हणाले, कायदा आहे तसा आहे."

"मग कशासाठी, वृंदा?"

ती खोक्यावर बसून राहिली. श्रीरंगनं चिकटपट्टी कापली, कात्री खाली ठेवली आणि म्हणाला, "मी पुढे जातो. तू आणि निधी पाठीमागून या. केव्हा यायचं ते तू ठरव." आवाजात राग नव्हता. थकवा होता, आणि तो वृंदाला रागापेक्षा जड गेला.

सरकारी क्वार्टर सोडावं लागलं. मायलेकींनी दिल्लीतच मुनिरकात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. निधीचं कॉलेज तिथून जवळ. शेजारच्या गल्लीतल्या पाळणाघरात वृंदा सकाळची मदतीला जाते. त्या बाईंनी तिला कोणताही फॉर्म भरायला लावला नाही. शनिवारी मुंबईचा फोन येतो. श्रीरंग जेवणाचं सांगतो, आईच्या गुडघ्यांचं सांगतो, आणि ती इकडचं हवामान.

चंदीगढला अर्ज दाखल झाला आहे. त्या दिवशी ती एकटीच बसनं गेली होती. वकिलाच्या टेबलावर वाकून तिनं सही केली तेव्हा तिथला कारकून सहज म्हणाला, "मॅडम, आप तो छूट गईं. अब क्या चाहिए?"

"मी सुटलेली नाही," वृंदा मराठीतच बोलून गेली. मग हिंदीत काही सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण तो दुसऱ्याचे कागद बघायला लागला होता.

तारीख अजून लागलेली नाही.